बारवांची यादी तुमची, प्रश्नही तुमचेच

बारवा, वीरगळ, शिलालेख यांच्या नोंदी ठेवणारी हौशी माणसं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांच्या वह्या आणि एक्सेलचे तक्ते हा मोठा ठेवा आहे. पण ‘कृष्णाकाठच्या कोणत्या गावांत शिलालेख असलेली बारव आहे?’ असं तक्त्याला विचारून उपयोग नाही. कोणतं गाव नदीकाठी आहे, हे त्यात लिहिलेलंच नसतं. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर ते नोंदवायची सोय आहे. दोन्हीकडची माहिती सांधण्याची रीत म्हणजे ‘लिंक्ड डेटा’. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये तिचे चार नियम मांडले.

यात प्रत्येक माहिती तीन भागांत लिहितात: कऱ्हाड, जिल्हा, सातारा. शिवाय प्रत्येक गोष्टीला वेबवरचा एक कायमचा पत्ता असतो. विकिडेटावर पुण्याचा क्रमांक आहे क्यू-१५३८. आपल्या यादीत गावाच्या नावाशेजारी असा क्रमांक टाकला की सांधा जुळला. अशी माहिती साठवायला ‘टर्टल’ ही साधी मजकूर-फाइल पुरते. विकिडेटावरची कोणतीही नोंद याच रूपात उतरवून घेता येते, आणि तिच्या वापरावर परवान्याचं बंधन नाही.

प्रश्न विचारायचे ते ‘स्पार्कल’ या भाषेत. २००८ मध्ये ती वेबचं प्रमाण ठरली, २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. विकिडेटाचा सार्वजनिक सर्व्हर मिनिटभरात उत्तर निघालं नाही तर प्रश्न तोडतो. तो साऱ्या जगासाठी आहे, तेव्हा हे रास्तच. शिवाय आपली यादी त्याच्याकडे नसतेच. म्हणून आपला सर्व्हर आपल्या लॅपटॉपवर हवा.

त्यासाठी ‘अपाची जेना फुसेकी’ हा मोफत, मुक्तस्रोत सर्व्हर मला सर्वांत सोयीचा वाटतो. लॅपटॉपवर जावा हवं. पाचव्या आवृत्तीला जावा १७ किंवा त्यापुढचं. झिप उघडायची, सर्व्हर सुरू करायचा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ३०३० हे पोर्ट उघडायचं. नवा डेटासेट करताना तो कुठे राहणार, हे विचारलं जातं. ‘मेमरी’ निवडलं तर सर्व्हर बंद होताच सगळं पुसलं जातं. ‘टीडीबी२’ निवडलं तर डिस्कवर टिकतं. टीडीबी२च निवडा, आणि मूळ टर्टल फाइली तरीही वेगळ्या जपून ठेवा. मग फाइल चढवायची. एखादं पूर्णविरामाचं टिंब राहिलं असेल तर ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवली जाते.

मराठी माणसाची खरी अडचण यापुढे सुरू होते, कारण इथे चूक दाखवलीच जात नाही. उत्तर नुसतं रिकामं येतं. विकिडेटावरच्या नावांना भाषेची खूण असते. मराठीची खूण @ आणि एमआर. फाइलमध्ये खूणवालं ‘पुणे’ आहे आणि आपण बिनखुणेचं विचारलं, तर सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

कऱ्हाडची गोष्ट याहून अवघड. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन. तिसरी रीत म्हणजे ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, पण फुसेकी संकेतांक जुळवतो. एकाने फोनवर टंकलेलं आणि दुसऱ्याने जुन्या फाइलीतून उचललेलं कऱ्हाड त्याला दोन गावं वाटतात. तऱ्हा, गोऱ्हे, कुऱ्हाड, सगळीकडे हेच. युनिकोडचं ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एक करतं. पायथॉनमध्ये ते एका ओळीचं काम आहे. जोडचिन्हाचं रूप मात्र त्यातून सुटतं, ते वेगळं शोधून बदलावं लागतं. ही सफाई फाइल चढवण्याआधीच करावी, आणि जुळवणी शक्य तिथे नावाऐवजी क्यू-क्रमांकावर ठेवावी. दोन तालुक्यांतल्या दोन याद्या मग एकाच डेटासेटमध्ये सुखाने नांदतात आणि कृष्णाकाठचा प्रश्न दोन्हींना एकदमच विचारता येतो.