जुन्नरचा घोडा आणि खुरासानचा महंमद

रमजानचा महिना मध्यावर आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर गाठीशी राहिलेल्या बचतीचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढायचा, असा दंडक आहे. तो ईदच्या आधी पोहोचला, की ज्याच्या घरी काही नाही त्याच्याकडेही शिरखुर्मा शिजतो. मराठी माणसाला मात्र ‘जकात’ म्हटले की नाका आठवतो. शब्द एकच आहे; अरबीतून फारसीमार्गे मराठीत येईपर्यंत दानाचा कर झाला.

घाट आणि नाका यांचे नाते लोणावळेकरांना वेगळे सांगायला नको. बोरघाटावर राजमाचीचा पहारा असे, तसा उत्तरेला नाणेघाटावर जीवधनचा. नाणेघाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. हा घाट चढून आलेला माल जुन्नरच्या पेठेत उतरे. मावळे मोजायची जुनी रीतही अशीच आहे : बारा पुण्याखालची, बारा जुन्नरखालची. तेव्हा जुन्नर म्हणजे आपल्या भावकीतलेच गाव.

साडेपाचशे वर्षांपूर्वी, बहमनी काळात, या गावात एक रशियन व्यापारी पावसाळ्यात अडकून पडला. त्याचे नाव अफनासी निकितिन, गाव त्वेर. वाटेत व्होल्गा नदीवर लुटला गेलेला, कर्जात बुडालेला हा माणूस होर्मुझ बंदरातून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीवरून घाट चढून जुन्नरला आला. त्याच्या प्रवासवर्णनाला ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ म्हणतात. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे.

निकितिनने जुन्नरचे वर्णन नेमके केले आहे. हे शहर दगडी बेटावर वसले आहे, त्याला माणसाने तट घातलेला नाही, ते देवानेच घडवले आहे. वर जायची वाट इतकी अरुंद, की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत. शिवनेरी पाहिलेल्या कुणालाही हे वाचताना किल्ला डोळ्यांसमोर दिसेल. पुढे १६३० मध्ये याच किल्ल्यावर शिवरायांचा जन्म झाला. निकितिन लिहितो, चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल; त्यातच लोक नांगरतात, पेरतात. प्रवासी उतरतात त्या घरची बाई त्यांना रांधून घालते. या देशात घोडे पैदा होत नाहीत, म्हणून परदेशी घोड्याचे लाड फार : त्याला हरभरे घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडीही!

असा घोडा म्हणजे त्या व्यापाऱ्याचे सगळे भांडवल. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तोच काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही, हे कळल्यावर त्याने अट घातली : आमचा धर्म स्वीकार, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही स्वीकारलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही बसेल. मुदत दिली चार दिवसांची.

त्या चार दिवसांत खुरासानचा महंमद नावाचा गृहस्थ जुन्नरला आला. निकितिनने त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. महंमद खानाकडे गेला, या माणसाला बाटवू नका म्हणून रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. निकितिनने हा देवाचा चमत्कार मानला.

या प्रसंगात जबरदस्ती करणारा मुसलमान होता आणि ती थांबवणाराही मुसलमान होता. श्रद्धेच्या बाबतीत बळजबरीला कुराणाच्या ‘अल-बकरा’ या सूरेने स्पष्ट मनाई केली आहे. असदखानाला ती ठाऊक नसेल असे नाही. पण सत्ता हाती असली की सोयीचे तेवढेच आठवते. खुरासानचा महंमदही जुन्नरमध्ये परकाच होता. एका परक्याने दुसऱ्या परक्यासाठी खानाच्या दारात जाऊन बोलणे सोपे नव्हते.

व्यापारी गावाचा खरा तट असतो तो हाच. दगडी तट शत्रूला अडवतो. पण आपला माल आणि आपला धर्म इथे सुरक्षित आहे, असा भरवसा नसेल तर व्यापारी घाट चढून येईल कशाला? त्या वेळचा बहमनी वजीर महमूद गावान हा स्वतः इराणच्या गिलानमधून व्यापारासाठी आलेला. त्याचा किताबच ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. असदखान त्याच्याच हाताखालचा.

पुढच्या प्रवासात निकितिनला आपले सण कधी येतात तेच कळेनासे झाले, कारण धर्मग्रंथ लुटीत गेले होते. मग तो मुसलमानांच्या ईदवरून आपल्या ईस्टरचा अंदाज बांधू लागला. एक महिना त्याने त्यांच्याबरोबर उपवासही केला : मांस वर्ज्य, दिवसातून दोनदा भाकरी आणि पाणी. ख्रिस्ती तो शेवटपर्यंत राहिला; पण त्याच्या रशियन मजकुरात देवाला ‘अल्ला’ आणि ‘खुदा’ अशा हाकाही आहेत. त्याच्यावर जबरदस्ती झाली असती, तर हे शब्द त्याच्या लेखणीतून इतक्या सहज उतरले नसते.

१४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरला निजामशाही उभी केली आणि चारच वर्षांनी अहमदनगर वसवले. राजधानी गेली, पण पेठ टिकली. इथल्या मुस्लिम कागदी कारागिरांचा ‘जुन्नरी कागद’ मराठी दफ्तरांत नावाजला गेला. गावाजवळ हापूसबागेत निजामशाही काळातला देखणा घुमट आजही उभा आहे. तो ‘सौदागर घुमट’ म्हणून, व्यापाऱ्याच्याच नावाने, ओळखला जातो.

जकात पैशाची असते, तशी शब्दाचीही असावी. आपल्या वजनाचा, ओळखीचा चाळिसावा हिस्सा तरी अडलेल्या परक्यासाठी खर्च व्हावा. सुट्टीच्या दिवशी नाणेघाटात गेलात, तर तो रांजण पाहताना खुरासानच्या महंमदची आठवण जरूर ठेवा.