पाणी ओसरल्यावरचा पंचनामा

पावसाळ्यात कोल्हापुरात माणसं भेटली की विचारतात, "किती फुटांवर आलं?" प्रश्न पंचगंगेचा असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. नदीकाठच्या घरांनी इशारा पातळीलाच जनावरं, औषधं, कागदपत्रं हलवावीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. वेळेत, पायी निघता येतं तेव्हाच निघावं, असं मी कळकळीने सांगेन. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

पाणी उतरलं की चिखल काढायची घाई होतेच. पण त्याआधी मोबाईलवर फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, पडझड, भिजलेलं धान्य. गावात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात; सानुग्रह अनुदान त्यावरच ठरतं. दगावलेल्या जनावराची नोंद पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करून घ्यावी. भाड्याने राहणाऱ्यांनीही भांडी-कपड्यांचं नुकसान आग्रहाने नोंदवावं. ही माणसं यादीतून सहज निसटतात, आणि गेलेला संसार तर त्यांचाही असतो.

वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. पाणी उकळूनच प्या. चिखलात गमबूट घालून उतरा. नंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दुखणं अंगावर काढू नका.