स्विच, राउटर आणि न मरणारा निरोप

नोव्हेंबर २००२ मधली गोष्ट. अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या 'बेथ इस्रायल डीकनेस' या मोठ्या रुग्णालयातले संगणक एकाएकी मंदावले आणि पाहता पाहता काम जवळजवळ ठप्प झाले. वीज गेली नव्हती की संगणक बिघडले नव्हते. बिघडले होते ते संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे. डॉक्टरांनी पुन्हा कागद आणि पेन हाती घेतले. प्रयोगशाळेचे अहवाल माणसांकरवी वॉर्डांत धाडावे लागले. काही तास तर अपघात विभागात नवे रुग्ण घेणेही थांबवावे लागले. सारे पूर्ववत व्हायला सुमारे चार दिवस लागले.

असे का झाले असेल? हे समजण्यासाठी आधी दोन पेट्यांची ओळख करून घेऊ. एक स्विच आणि दुसरी राउटर.

समजा, तुमच्या शाळेत एक नवा शिपाई आला आहे. कोण कोणत्या वर्गात बसतो हे त्याला ठाऊक नाही. म्हणून पहिली चिठ्ठी तो सगळ्या वर्गांत फिरवतो. पण चिठ्ठी देणारा कोणत्या वर्गातून आला, हे मात्र तो वहीत टिपून ठेवतो. थोड्याच वेळात त्याची वही भरते आणि मग चिठ्ठी थेट योग्य वर्गात जाऊ लागते. स्विच अगदी हेच करतो. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला ० आणि १ अशा ४८ अंकांचा एक क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणता पत्ता आपल्या कोणत्या खाचेतून बोलला याची नोंद स्विच ठेवतो. पत्ता अनोळखी असला, किंवा निरोप सर्वांसाठीच असला, तर तो निरोप जिथून आला ती खाच सोडून बाकी सर्व खाचांमधून पुढे पाठवतो.

आता खरी गंमत पाहा. दोन स्विच एका तारेने जोडले आहेत. ती तार तुटली तर पंचाईत नको, म्हणून कोणीतरी आणखी एक तार जोडली. सर्वांसाठी असलेला एक निरोप पहिल्या स्विचने दोन्ही तारांवरून दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने एका तारेवरून आलेला निरोप दुसऱ्या तारेवरून परत केला. पहिल्याने तो पुन्हा पाठवला. हे चक्र थांबणार कधी? कधीच नाही! कारण या निरोपावर 'मी किती वेळा फिरलो' हे लिहिण्याची जागाच नसते. सेकंदाला १०० कोटी अंक वाहून नेणाऱ्या तारेवरून लहानात लहान निरोप सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. असे न मरणारे निरोप तार भरून टाकतात आणि कामाच्या निरोपांना वाटच उरत नाही.

मग जादा तार जोडूच नये काय? तसे केले तर एक तार तुटताच सारे अडेल. हे कोडे राडिया पर्लमन या अमेरिकन संशोधिकेने सोडवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या युक्तीत सर्व स्विच आपसांत बोलून एकाला 'मूळ' ठरवतात आणि फेरा तयार करणाऱ्या जादा वाटा तात्पुरत्या बंद ठेवतात. उरते ते झाड. झाडाच्या एका फांदीवरून दुसरीवर जायला वाट एकच असते, म्हणून फेरा होत नाही. मूळ स्विच सामान्यतः दर २ सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप धाडतो. तो येईनासा झाला, की वाट तुटली असे समजून बंद वाट उघडली जाते. पर्लमनबाईंनी या युक्तीवर एक छोटी कविताही रचली आणि ती त्यांच्या शोधनिबंधातच छापली गेली!

मग बॉस्टनला काय झाले? तिथले जाळे वर्षानुवर्षे तुकडा तुकडा जोडत वाढले होते. ही युक्ती नीट चालण्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा अधिक स्विच नसावेत असा संकेत होता. तो तिथे ओलांडला गेला होता. त्यात निरोपांची दाटी झाली आणि 'मी आहे' हे निरोप वेळेवर पोहोचेनात. बंद वाटा उघडल्या, फेरे तयार झाले आणि दाटी आणखी वाढली. उपाय म्हणून या एकसंध जाळ्याचे भाग पाडण्यात आले आणि भागांमध्ये राउटरचे काम करणारी यंत्रे बसवण्यात आली. रुग्णालयाच्या संगणक विभागाचे प्रमुख डॉ. जॉन हलाम्का यांनी ही चूक लपवली नाही. इतरांना शिकता यावे म्हणून त्यांनी ती उघडपणे सांगितली.

राउटरने काय साधले? राउटर हा शिपाई नसून टपाल कचेरी आहे. तो 'सर्वांसाठी' असलेले निरोप हद्दीबाहेर जाऊ देत नाही. शिवाय त्याच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा आकडा असतो, बहुधा ६४ किंवा १२८. प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. शून्य झाला, की पाकीट टाकून दिले जाते. वाट चुकलेले पाकीट इथे मरते!

आता तुम्हीच एका कचेरीचे जाळे आखा. ४० संगणक, १० टेलिफोन आणि ८ कॅमेरे आहेत. म्हणजे ५८ खाचा हव्यात. २४ खाचांचे दोन स्विच पुरणार नाहीत, तीन लागतील. टेलिफोन आणि कॅमेऱ्यांना जाळ्याच्या तारेतूनच वीज द्यायची असेल, तर प्रत्येकी १५.४ वॅट धरून १८ यंत्रांना सुमारे २७७ वॅट लागतील. तेवढी वीज पुरवणारे स्विच निवडले पाहिजेत. आणखी एक पाहावे. स्वस्त, साध्या स्विचमध्ये फेरा रोखणारी युक्ती बहुधा नसते, म्हणून ती असलेलेच घ्यावेत. मग मूळ स्विच कोणता ते आपणच ठरवावे, नाहीतर एखादा जुना, मंद स्विचही मूळ होऊन बसेल. हिशेबाचे संगणक, कॅमेरे आणि पाहुण्यांची यंत्रे यांचे वेगळे भाग पाडावेत आणि कोणी कोणाकडे जावे याचे नियम राउटरला सांगावेत. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. आणि जाळ्याचा नकाशा कागदावरही काढून ठेवावा, कारण जाळे बंद पडले तर संगणकातला नकाशा उघडणार कसा?

शेवटी एक प्रयोग. चार मित्र वर्तुळात बसा. एकाने चिठ्ठी उजवीकडच्याला द्यावी आणि प्रत्येकाने ती पुढे सरकवत राहावे. थांबते का पाहा. आता चिठ्ठीवर ६ हा आकडा लिहा. प्रत्येकाने त्यातून १ वजा करावा आणि शून्य होताच चिठ्ठी फाडून टाकावी. ती कोणाच्या हातात संपली? आणि तुमच्यापैकी एकाने वजाबाकी करायचे विसरले तर काय होईल? करून पाहा!