पन्नास मीटरचा नेम, दीड किलोमीटरचा धोका

1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे नेमबाज स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव घरोघरी पोहोचले. त्याच्या हातात होती ती पॉइंट टू-टू रायफल. समोर पन्नास मीटरवर लक्ष्य, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचे वर्तुळ, व्यास 10.4 मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढे! उभे राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून त्या बटणावर नेम धरायचा. अंतिम फेरीत स्वप्नीलचे गुण झाले 451.4. त्याच्या आधी 2010 साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत याच अंतरावर पालथे पडून नेमबाजी करत सुवर्णपदक मिळवले होते, 600 पैकी 597 गुणांनी.

हे वाचल्यावर नगरजवळच्या केडगावात कांद्याच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनात एक सरळ प्रश्न येऊ शकतो. पन्नास मीटरवरून बटण उडवणारी रायफल असेल, तर उंदीर-घुशींचा बंदोबस्त तिने का करू नये? प्रश्न खुळचट नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये शेतकरी सशांचा उपद्रव कमी करायला हीच रायफल वापरतात. मग आपल्याकडे अडते कुठे? उत्तर कायद्यात आहे, पण कायद्याच्या आधी ते भौतिकशास्त्रात आहे.

पॉइंट टू-टू रायफलीच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात. मोठ्या रायफलीच्या काडतुसात पेटवणारी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. रिमफायरमध्ये टोपीच नसते. पितळी बुडाची कडा आतून पोकळ असते आणि पेटणारे मिश्रण त्या कडेत भरलेले असते. घोडा सुटला की पिन कडेवर आपटते, कडा चेपते, मिश्रण पेटते आणि दारू जळून गोळी सुटते. कल्पना जुनी आहे. 1857 साली स्मिथ अँड वेसनने पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस बाजारात आणले आणि आज जगभर खपणारे लाँग रायफल काडतूस 1887 साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने आणले. स्वस्त, हलके, धक्का जवळजवळ नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे ते टिकले यात नवल नाही.

पण त्या पोकळ कडेतच त्याची कमजोरीही आहे. मिश्रण ओले असताना काडतूस गरगर फिरवून ते कडेत पसरवले जाते. ते सगळीकडे अगदी सारखे बसेलच असे नाही. जिथे पिन आपटेल तिथे मिश्रण किंचित जास्त असेल तर पेट वेगळा, किंचित कमी असेल तर वेगळा. पेट बदलला की गोळीचा वेग बदलतो. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला फक्त दहा मीटरचा फरक पडला, तरी पन्नास मीटरवर त्या वर-खाली सुमारे सात मिलिमीटर दूर लागतात. शंभर मीटरवर हाच फरक तीन सेंटीमीटरच्या आसपास जातो. म्हणून मोठे नेमबाज काडतुसांची खोकी डोळे झाकून उचलत नाहीत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या एली कंपनीत किंवा जर्मनीतल्या लापुआच्या चाचणी केंद्रात आपली रायफल शिकंज्यात घट्ट बसवून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून बघतात आणि जो लॉट आपल्या नळीला मानवतो तोच विकत घेतात. एका लॉटवर रुसणारी नळी दुसऱ्यावर खूश असते. आपण टीव्हीवर बघतो ते माणसाचे कौशल्य, पण त्यामागे हे कंटाळवाणे निवडणे असते आणि ते अर्धे काम करते असे मला वाटते.

आता गोळी नळीतून सुटली असे धरू. वजन साधारण 2.6 ग्रॅम, साधे शिसे, वेग सेकंदाला 330 मीटरच्या घरात. नळीतल्या आट्यांमुळे ती मिनिटाला जवळपास 49 हजार फेऱ्या घेत स्वतःभोवती फिरते आणि या फिरण्यानेच तिचे नाक सरळ राहते. मात्र सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सोडलेल्या दगडाइतक्याच वेगाने. पन्नास मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून बारा सेंटीमीटर खाली आलेली असते. दुर्बीण पन्नास मीटरला जुळवली असेल तर हा फरक भरून निघतो. पण त्याच जुळवणीवर शंभर मीटरच्या लक्ष्यावर नेम धरला, तर गोळी वीस सेंटीमीटरच्या आसपास खाली लागते. दीडशे मीटरवर ती पाऊण मीटर खाली असते. अंतराचा अंदाज चुकायला किती वेळ लागतो? कांद्याच्या सपाट रानात दिवसाही ऐंशी मीटर आणि शंभर मीटर यांत फरक सांगणे कठीण.

वाऱ्याचा हिशेब तर त्याहून मजेदार. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे आपल्याकडच्या वैशाखातली साधी झुळूक. ती पन्नास मीटरवर गोळी अडीच सेंटीमीटर बाजूला नेते, शंभर मीटरवर दहा सेंटीमीटर. कुणालाही वाटेल की जास्त वेगाची काडतुसे घेतली तर वारा कमी लागेल. पॉइंट टू-टूमध्ये उलट घडते. वेगवान गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते आणि शंभर मीटरच्या आत आवाजाच्या वेगाखाली उतरते. या उतरणीत हवेचा विरोध फार वाढतो, गोळी झपाट्याने वेग गमावते आणि वारा तिला जास्त ढकलतो. म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम आवाजाहून हळू बनवतात. इथे आपल्या हवामानाची गंमतही आहे. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर तो सेकंदाला 337 मीटर असतो, मे महिन्यात चाळीस अंशांवर 355. सेकंदाला 345 मीटरने सुटणारी गोळी नगरच्या थंडीत आवाजाची भिंत ओलांडून कडकडेल आणि उन्हाळ्यात मुकाट जाईल.

या सगळ्यातून एक अंतर निघते, ज्याला नेमबाज परिणामकारक पल्ला म्हणतात. पल्ला म्हणजे गोळी किती दूर जाते ते नव्हे. ठरलेल्या आकाराच्या जागेवर ती प्रत्येक वेळी लागेल ते अंतर. बऱ्यापैकी रायफल आणि बाजारची साधी काडतुसे घेऊन, टेकून मारलेल्या पाच गोळ्या पन्नास मीटरवर दोन-अडीच सेंटीमीटरच्या वर्तुळात बसतात. वारा, वेगाचा फरक आणि हात धरून शंभर मीटरवर हे वर्तुळ दुपटीपेक्षाही मोठे होते. सशाचे डोके पाच सेंटीमीटरचे, म्हणून ऑस्ट्रेलिया-ब्रिटनकडचे अनुभवी लोक सत्तर-पंचाहत्तर मीटरच्या पुढे बंदूक उचलत नाहीत. घुशीची छाती चार सेंटीमीटरचीही नाही. तिच्यासाठी हा पल्ला चाळीस-पन्नास मीटरवर संपतो. त्यापुढे जनावर मरत नाही, जखमी होऊन बिळात जाते आणि कुजते.

इथपर्यंत प्रश्न कौशल्याचा होता. खरी अडचण पुढची आहे. पन्नास मीटरवर नेम संपला म्हणून गोळी तिथे थांबत नाही. शंभर मीटरवरही तिच्यात शंभर ज्यूलच्या आसपास ऊर्जा शिल्लक असते. नळी तीस अंश वर धरून सुटलेली गोळी सुमारे दीड किलोमीटरवर जाऊन पडते. नेमाचे अंतर आणि धोक्याचे अंतर यांत तीसपट फरक. दीड किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर ते सात चौरस किलोमीटर भरते, म्हणजे सतराशेहून जास्त एकर. केडगावच्या शिवारात उभे राहून असे वर्तुळ मनात आखा. त्यात पुणे रस्ता येतो, बाह्यवळण येते, रोज नवीन होणाऱ्या वसाहती येतात. एखाद्या बाजूला नेप्तीचा कांदा बाजार, लिलावाच्या दिवशी माणसांनी आणि ट्रॅक्टरांनी भरलेला.

कुणी म्हणेल, मी आभाळात कशाला मारीन, उंदीर जमिनीवर असतो. बरोबर. पण भूमिती काय सांगते बघा. उभ्या माणसाच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत अंतर दीड मीटर, आणि उंदीर पन्नास मीटरवर. गोळी जमिनीला दोन अंशांपेक्षाही कमी कोनात भिडते, जवळजवळ घासूनच. एवढ्या चपट्या कोनात मऊ शिशाची गोळी मुरमाड जमिनीत रुतत नाही, उसळते. आपल्याकडे चार बोटे मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बांधावर दगड रचलेले असतात. उसळलेली गोळी कोणत्या दिशेला जाईल हे सांगणारे सूत्र कुणाजवळ नाही. पाण्यावरूनही ती तशीच टप्पा घेते, म्हणजे शेततळ्याच्या दिशेने नेम धरणे त्याहून वाईट. त्यात घुशी-उंदीर रात्री बाहेर पडतात. टॉर्चच्या प्रकाशात पन्नास मीटरचा उंदीर दिसेल, त्यामागे दारे धरायला आलेला माणूस दिसणार नाही.

रायफल रेंजवर मागे मातीचा उंच बांध का असतो ते आता कळेल. पुण्याच्या बालेवाडीत जाऊन बघावे. नेम चुकला तरी गोळी बांधात मुरते. नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कराने सरावासाठी हजारो हेक्टर जमीन वेगळी ठेवली आहे, ती याच हिशेबाने, फक्त तोफा मोठ्या.

आणि गंमत म्हणजे आपल्या कायदा करणाऱ्यांना हा फरक ठाऊक होता. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव आहे. ती पुरेशी नसेल तर अधिकारी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. पॉइंट टू-टू रायफलीचे नाव त्याच कलमात पुढे येते, पण ते मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाण्याच्या सरावासाठी. पिकासाठी नव्हे. सरकारी कागदात असा शहाणपणा क्वचित सापडतो. गुळगुळीत नळीतून सुटणारे बारीक छर्रे हलके असतात, हवेत लगेच दमतात आणि दोन-अडीचशे मीटरवर पडतात. आट्यांच्या नळीतली गोळी दीड किलोमीटर जाते. गावकुसाजवळ कोणती चालेल हे वेगळे सांगायला नको. छर्ऱ्याची एअरगन, जिची ऊर्जा वीस ज्यूलपर्यंत आणि नळी 0.177 इंचापर्यंत असते, तिला परवाना लागत नाही. पण तिचा पल्ला वीस-पंचवीस मीटरचा आणि जवळून डोळा फोडायला ती पुरेशी आहे.

मारायचे तरी कुणाला? काळवीट, मोर, ससा, रानडुक्कर, सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या छत्राखाली. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठीच आहे. रानडुक्कर पिकात घुसते तेव्हा माणूस रडकुंडीला येतो हे खरे. पण त्याला मारायला वन विभागाची परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी या गोळीचे ते काम नाही. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा जेमतेम 140 ज्यूल. डुकराला ती मारत नाही, पिसाळवते.

म्हणजे उरले उंदीर आणि घुशी. त्यांच्याशी बंदुकीने लढणे गणितातच बसत नाही. घुशीची गाभण राहण्याची मुदत तीन आठवड्यांच्या आसपास आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले. रात्रभर बसून चार टिपल्या तर बिळात त्याहून जास्त जन्मलेल्या असतात. कृषी शास्त्रज्ञ सांगतात ती पद्धत रांगडी नाही, पण चालते. संध्याकाळी शेतातली सगळी बिळे मातीने बुजवायची. सकाळी जी उघडी दिसतील ती जिवंत बिळे, काम फक्त तिथे. आधी दोन दिवस भरडलेले धान्य तेल लावून, विष न घालता ठेवायचे. घूस शंकेखोर असते. अनोळखी खाण्याने एकदा पोट बिघडले की पुन्हा त्याला तोंड लावत नाही, म्हणून ही सवय लावायची. मग झिंक फॉस्फाईडचे आमिष: 96 भाग धान्य, दोन भाग तेल, दोन भाग औषध. जे वाचतील त्यांच्यासाठी नंतर ब्रोमॅडिओलोनच्या वड्या, कारण ते हळू काम करते आणि घुशीला संशय येत नाही. सोबतीला शेतात पक्षीथांबे रोवावेत आणि गव्हाणी घुबडाला हाकलू नये. इस्रायलमध्ये 1980 च्या दशकापासून शेतांत घुबडांसाठी पेट्या लावतात, उंदरांवरचे विष कमी करण्यासाठी. आपल्याकडे मात्र घुबड दिसले की लोक दगड उचलतात.

एकट्याने बिळे बुजवून उपयोग नाही. शेजारच्या रानातून आठवड्यात नवीन बिऱ्हाड येते. बांधाला बांध लागून असलेल्या सगळ्यांनी एकाच दिवशी काम करावे. आणि एक ध्यानात ठेवा: झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. आमिष उघड्या हाताने कालवू नका, बिळात आत सरकवून तोंड बुजवा, उरलेली पुडी कोंबड्या-शेळ्यांपासून आणि घरातल्या मुलांपासून दूर, कुलपात ठेवा.