परिषद झाली, भेट राहिली

पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगरात पसरलेला आहे. मांजरा नदी इथेच उगम पावते. वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळा आहेत. तिथल्या गुरुजींना सहकारी म्हणून शेजारच्या वर्गातला एकच माणूस. तो रजेवर गेला की चारही वर्ग एकट्याच्या गळ्यात पडतात.

१९९४ साली राज्यात शाळांचे गट करून केंद्रे आणि केंद्रप्रमुख नेमले गेले, आणि या विखुरलेल्या माणसांना एकत्र बसायला हक्काची जागा मिळाली. आधी केंद्रसंमेलन, पुढे शिक्षण परिषद. एखादे गुरुजी काड्यांचे गठ्ठे सोडून हातच्याची वजाबाकी शिकवत आणि बाकीचे मागे बसून पाहत. पाठ संपला की कुणीतरी विचारी, ‘गठ्ठा सुटला हे पोराला कळलं, पण वहीत मांडताना ते पुन्हा चुकतं, तिथं काय करता?’ खरी परिषद तिथून सुरू व्हायची.

कागदांची गोष्ट वेगळी. पगारपत्रक, पटसंख्या, पोषण आहाराचा हिशेब घेऊन पाटोद्याला गटशिक्षण कार्यालयात जायचे म्हणजे शाळेचा दिवस बुडायचा. पगारासाठी शालार्थ आणि २०१५ नंतर शाळेच्या माहितीसाठी सरल या ऑनलाइन प्रणाली आल्यावर यातल्या बऱ्याच खेपा वाचल्या, हे चांगलेच झाले. मात्र मागोमाग व्हॉट्सअॅप आले आणि ‘तातडीने माहिती सादर करा’ हा निरोप रात्री नऊलाही येऊ लागला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि परिषदही मोबाइलवर गेली. रेंजसाठी गच्चीवर नाहीतर गावाबाहेरच्या माळावर जाऊन शिक्षक हजर राहत. ‘सर, आवाज येतोय का?’ यातच पहिली काही मिनिटे जात. मग सूचना, लिंक, हजेरी. पाठ पाहणे संपले आणि मागच्या बाकावरचा प्रश्नही गेला. २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालेले शिक्षकांचे निष्ठा प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून दीक्षा या ऑनलाइन मंचावर आले. व्हिडिओ पाहायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे. त्या दिवसांत दुसरा मार्गच नव्हता, आणि शिक्षकांनी तो निष्ठेने चालवला, याची नोंद व्हायलाच हवी.

१ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा इथला ऊसतोडीचा हंगाम भरात होता. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर. कोणती पोरे आजीकडे ठेवायची, हंगामी वसतिगृहात रात्री कोण थांबणार, फडावरून परतलेल्या मुलाला कुठल्या पाठापासून उचलायचे, या गोष्टी ग्रुपवर कुणी लिहीत नाही. त्या समोरासमोरच्या परिषदेतच, चहाच्या वेळी, पाहून-ओळखून, विश्वासाने बोलल्या जातात.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी आंदोलन केले, २५ तारखेला सामूहिक रजा घेतली. त्याच आंदोलनात प्रशासकीय व्हॉट्सअॅप ग्रुप सोडण्याचाही कार्यक्रम होता. रोजच्या निरोपांचा भार किती झाला होता, ते त्यातून दिसले.

अधिकाऱ्यांना एवढीच विनंती: माहिती मोबाइलवरच घ्या, पण एकदाच घ्या. परिषद मात्र शाळेतच भरवा आणि तिचा पहिला तास सूचनांना न देता पाठाला द्या.