मुलचेऱ्यात ‘रेंज’ म्हणजे नेमके काय?

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात ‘रेंज’ हा शब्द कानावर पडला, तर त्याचा अर्थ लावण्यासाठी पुढचे क्रियापद ऐकावे लागते. ‘रेंजमध्ये जाऊन आलो’ असे म्हणणारा वनखात्याच्या कार्यालयातून परतलेला असतो. ‘रेंज गेली’ म्हणणाऱ्याचा मोबाइल मुका झालेला असतो. पोलीस ठाण्यात ‘रेंजचे साहेब’ येणार असतील, तर ते उपमहानिरीक्षक होत. गडचिरोली आणि गोंदिया मिळून पोलिसांचे गडचिरोली परिक्षेत्र होते. नेमबाजीच्या सरावाची जागा, तीही रेंजच!

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ साधा आहे : ओळ. ओळीने मांडणे, ओळीने पसरलेला मुलूख, त्या मुलखात हिंडणे, असा तो इंग्रजीत विस्तारत गेला. राजाच्या राखीव अरण्यात फिरून पहारा करणारा ‘रेंजर’ मध्ययुगीन इंग्लंडमधला. पुढे डोंगरांची ओळ, बंदुकीच्या गोळीचा पल्ला, इतकेच काय, स्वयंपाकघरातील चुलींची मांडणीही या शब्दात सामावली. मराठीतील ‘रांग’ शी त्याचे नाते जुळवण्याचा मोह होतो. पण नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबू नये.

हिंदुस्थानात १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. इंग्रजी अमदानीत वनखात्याची जी उतरंड रचली गेली, तिच्यातील ‘रेंज’ला आज शासकीय मराठीत ‘वनपरिक्षेत्र’ म्हणतात. पोलिसांच्या रेंजलाही ‘परिक्षेत्र’च. म्हणजे इंग्रजीतला घोळ मराठीकरणातही कायम राहिला. डोंगराला ‘रांग’, गोळीला ‘पल्ला’, मालाच्या प्रकारांना ‘श्रेणी’ असे नेमके शब्द आपल्याकडे असताना या दोन खात्यांसाठी वेगळा शब्द सुचू नये, याचे नवल वाटते.

मोबाइलच्या रेंजची गोष्ट न्यारी आहे. इंग्रजी भाषक या अर्थी बहुधा ‘सिग्नल’ किंवा ‘कव्हरेज’ म्हणतात. त्यांच्या लेखी फोन टॉवरच्या रेंजबाहेर जातो. रेंज स्वतः कोठे जात नाही. मराठीत मात्र ती नळाच्या पाण्यासारखी येते, जाते, कमी मिळते. ‘संपर्कक्षेत्र’ हा शब्द ध्वनिमुद्रित सूचनेतच राहिला. जुन्या जीएसएम पद्धतीत टॉवरचा पल्ला तांत्रिकदृष्ट्या सुमारे ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. परंतु पानांतील पाणी लहरी शोषून घेते, टेकड्या त्या अडवतात, आणि दाट रानात प्रत्यक्ष पल्ला फारच आखडतो. १४ हजार ४१२ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावायचा, तर आधी रेंज हवी. ती नसेल तेथे कोणाला तरी निरोप घेऊन धावावे लागते.

येथे दोन्ही रेंज एकमेकींत अडकतात. टॉवर वा वाहिनी वनजमिनीवर यायची, तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. २००६च्या वनहक्क कायद्याने यात थोडी वाट काढून दिली. ग्रामसभेची शिफारस असेल, जमीन एक हेक्टरहून कमी असेल आणि हेक्टरी ७५पेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नसतील, तर शाळा, दवाखाना, रस्ता यांसारख्या १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. वीज आणि दूरसंचार वाहिन्या त्या यादीत आहेत. नक्षलग्रस्त भागांतील २ हजार ३४३ टूजी टॉवर फोरजी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२मध्ये मंजुरी दिली, तीही देशभरातील दहा राज्यांसाठी.

वनखात्यालाही मोबाइलची रेंज हवीच आहे. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपानाच्या हंगामात वणवे पेटतात. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था नोंदणीकृत क्रमांकांवर एसएमएसने धाडते. कोणत्या वनपरिक्षेत्रात, कोणत्या नियतक्षेत्रात आग आहे, हे त्यातून कळते. तो संदेश वनरक्षकाच्या हाती पडतो, तो मात्र फोनला रेंज आल्यावर.