आठवा मोहरा आला की खात्री संपते!

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत चहाच्या टपरीवर बसलेल्या पोराच्या खिशातला मोबाइलही आज जगज्जेत्याला बुद्धिबळात हरवू शकतो. स्टॉकफिश नावाचं इंजिन फुकट मिळतं आणि साध्या फोनवर चालतं. तरीही डावाच्या शेवटी, पटावर मोजकेच मोहरे उरलेले असताना, हे बलाढ्य यंत्र कधीकधी चक्क चाचपडतं. डावाच्या या टप्प्याला एंडगेम किंवा अंत्यखेळ म्हणतात. त्याच्याच या काही भन्नाट गोष्टी.

सातपर्यंत सगळं ठाऊक

राजे आणि प्यादी धरून पटावर सात किंवा कमी मोहरे असले, तर त्या स्थितीचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं आहे. या साठ्याला टेबलबेस म्हणतात. तो उलट्या दिशेनं बनतो: आधी मात झालेल्या सगळ्या स्थिती मांडायच्या, मग त्यांच्या एक चाल मागे जायचं, मग आणखी एक चाल मागे. यात अंदाज कुठेच नाही. जिंकणार, हरणार की बरोबरी, हे पक्कं. सात मोहऱ्यांच्या अशा स्थिती भरतात 420 लाख कोटींहून जास्त!

सव्वाशे फोन लागतील

सिझिगी हा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा टेबलबेस. पाच मोहऱ्यांपर्यंतचा साठा एक जीबीतही मावतो. सहावा मोहरा आला की लागतात सुमारे 150 जीबी. सातवा आला की सुमारे 17 टेराबाइट, म्हणजे 128 जीबीचे सव्वाशेहून जास्त मोबाइल! एकेका मोहऱ्यामागे साठा शंभरपटीहून अधिक फुगतो. म्हणूनच आठ मोहऱ्यांच्या फक्त काही ठरावीक प्रकारांचीच उत्तरं निघाली आहेत. डाव सुरू होताना पटावर मोहरे असतात 32. तेव्हा बाकी किती उरलं, याचा हिशेब तुम्हीच करा.

549 चालींची मात

सात मोहऱ्यांच्या साठ्यात एक स्थिती अशी सापडली, की दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर मात व्हायला 549 चाली लागतात. त्यातल्या बऱ्याचशा चाली का खेळायच्या, हे ग्रँडमास्टरांनाही सांगता येत नाही. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र सलग 50 चाली एकही मोहरा मारला गेला नाही आणि एकही प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. कागदावरचा विजय पटावर हाती लागेलच असं नाही.

शंभर डॉलरची पैज

हत्तीविरुद्ध वजीर असला तर वजीरवाला जिंकतो, हे पुस्तकांत शतकानुशतकं लिहिलेलं. 1970च्या दशकाच्या अखेरीस संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी याच अंत्यखेळाचा टेबलबेस बनवला आणि हत्तीची बाजू त्याच्याकडे दिली. समोर वजीर घेऊन बसले अमेरिकेचे विजेते ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन. पैज शंभर डॉलरची. यंत्रानं असा विचित्र बचाव केला, की ब्राउनना 50 चालींत जिंकता आलं नाही. त्यांनी घरी बसून अभ्यास केला, पुन्हा खेळले आणि बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती टिपला!

तीन उंट, तरी बरोबरी

2017 मध्ये गणितज्ञ सर रॉजर पेनरोज यांच्या संस्थेनं एक कोडं जगापुढे ठेवलं. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि थोडी प्यादी. इंजिनं म्हणाली, काळा सहज जिंकतोय. पण नीट बघा: तिन्ही उंट काळ्या घरांवरचे, वजीर आणि हत्ती प्याद्यांच्या कुंपणाआड अडकलेले. पांढऱ्यानं राजा पांढऱ्या घरांवर फिरवत राहायचं, बस्स! माणसाला ही तटबंदी चटकन दिसते. यंत्र मोहऱ्यांची बेरीज करतं आणि चाली मोजत बसतं.

उद्यानात सुटलेलं कोडं

डच रचनाकार गेइस फान ब्रॉयकेलन यांचं एक कोडं ग्रँडमास्टर जेम्स प्लास्केट यांनी 1987 मध्ये ब्रुसेल्सच्या स्पर्धेत दाखवलं. जमलेले दिग्गज अडले. माजी जगज्जेते मिखाइल ताल बागेत फेरी मारायला गेले आणि उत्तर घेऊनच परतले. गंमत बघा: पांढरा प्याद्याचा वजीर करतो तो गमावण्यासाठीच. मग काळा मात चुकवायला प्याद्यांचे वजीर न करता घोडे करतो, तरीही वाचत नाही. हे कोडं इंजिनांना वर्षानुवर्षं जड गेलं.

शिरोव्हचा उंट

1998, स्पेनमधल्या लिनारेसची स्पर्धा. ग्रँडमास्टर टोपालोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्हनं आपला उंट प्याद्याच्या तोंडी दिला, तोही आपल्या राजाला प्याद्यांपर्यंत पोचायला एका चालीची उसंत मिळावी म्हणून. उंट दिला, डाव जिंकला. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सुचत नव्हती.

136 चाली, पावणेआठ तास

3 डिसेंबर 2021, दुबई. जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. अखेर जगज्जेत्या कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, तर आव्हानवीर नेपोम्नियाचीकडे एकटा वजीर. दोन राजे धरून मोजा: सात! टेबलबेसचा निकाल होता बरोबरी. पण थकलेल्या नेपोम्नियाचीचा वजीर 130व्या चालीला चुकीच्या घरात गेला आणि कार्लसन जिंकला. यंत्राला उत्तर ठाऊक असणं आणि माणसानं ते पटावर खेळून दाखवणं, यांत एवढं अंतर आहे.

आपली नागपूरची दिव्या

आर्णीहून यवतमाळ, वर्धा करत नागपूर गाठता येतं. त्या नागपूरची दिव्या देशमुख 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयानं भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. शेवटचा डाव अंत्यखेळातच फिरला. जिंकल्यावर एकोणीस वर्षांची ही मुलगी म्हणाली, की आपल्याला अंत्यखेळ अजून शिकायला हवा. विश्वचषक विजेतीला जे वाटतं, ते आपल्या पोरांनी मनावर घ्यायलाच हवं.

आज रात्री करून बघा

पटावर फक्त तीन मोहरे मांडा: पांढरा राजा, पांढरं प्यादं आणि काळा राजा. प्यादं वजीर होईल का, हे आधी स्वतः ठरवा आणि चाल वहीत लिहा. मग लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर जाऊन टेबलबेसला विचारा. सात मोहऱ्यांपर्यंतची उत्तरं तिथे फुकट मिळतात. उत्तर जुळलं नाही, तर प्यादं एक घर सरकवून पुन्हा मांडा. आधी डोकं, मग मोबाइल. हा क्रम सांभाळला, तर आठव्या मोहऱ्यापुढे जिथे यंत्रालाही अंदाजच बांधावा लागतो, तिथे आर्णीतल्या पोरालाही स्वतःची चाल सापडेल.